एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग (जन्म : १८ डिसेंबर, इ.स. १८९०, न्यू यॉर्क, अमेरिका - मृत्यू : ३१ जानेवारी, इ.स. १९५४, न्यू यॉर्क, अमेरिका) हे अमेरिकन विद्युत अभियंता आणि संशोधक होते. पुनर्जनन मंडल, सुपरहेटरोडाइन ग्राहक आणि रुंद पट्ट्याचे फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन (एफएम) हे त्यांचे तीन प्रमुख शोध होत. रेडिओवरील संगीतात मिसळणारी खरखर नाहीशी करण्याची व्यवहार्य पद्धत प्रथम त्यांनी सिद्ध करून दाखवली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रेडिओ तंत्रज्ञानाचा पाया घालणाऱ्या संशोधकांत त्यांची गणना होते. मात्र आपल्या शोधांवरील हक्कासाठी त्यांना आयुष्याचा मोठा भाग न्यायालयांत घालवावा लागला.

जन्म व बालपण

आर्मस्ट्राँग यांचा जन्म न्यू यॉर्क शहरातील चेल्सी भागात झाला. त्यांचे वडील जॉन आर्मस्ट्राँग हे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत नोकरीस होते व पुढे तेथील उपाध्यक्ष झाले. आई एमिली या विवाहापूर्वी शिक्षिका होत्या. बालपणी आर्मस्ट्राँग यांना संधिवाताच्या तापाने ग्रासले आणि त्यातून कोरिया हा चेताविकार जडला. या आजारामुळे सुमारे दोन वर्षे त्यांचे शिक्षण घरीच झाले. खांदा व जबडा अनावरपणे हलण्याची सवय मात्र त्यांना जन्मभर राहिली. उत्तेजित झाल्यावर ती अधिक जाणवत असे.

पुढे हे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहावयास गेले. घराच्या पोटमाळ्यावरील खोली ही आर्मस्ट्राँग यांची पहिली प्रयोगशाळा होय. मार्कोनी यांच्या बिनतारी संदेशवहनाविषयी वाचून त्यांनी किशोरवयातच संशोधक होण्याचे ठरवले होते. दूरचे क्षीण संदेश ऐकू यावेत म्हणून इ.स. १९१० मध्ये त्यांनी घराच्या आवारात सुमारे १२५ फूट उंचीचा अँटेनाचा खांब उभारला. उंचावर चढण्याची त्यांची आवड याच काळात दिसून आली.

शिक्षण व पुनर्जनन मंडल

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. याँकर्सहून ते मोटारसायकलने विद्यापीठात ये-जा करीत. तेथे त्यांना भौतिकशास्त्रज्ञ मायकेल प्युपिन यांचे मार्गदर्शन लाभले. इ.स. १९१३ मध्ये त्यांनी पदवी संपादन केली.

ली डी फॉरेस्ट यांनी इ.स. १९०६ मध्ये तयार केलेली ऑडियन ही निर्वात नलिका त्या वेळी उपलब्ध होती, परंतु तिचे कार्य नेमके कसे चालते हे नीट उलगडलेले नव्हते. आर्मस्ट्राँग यांनी तिच्यातील प्रवाहांची पद्धतशीर मोजणी केली. नलिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा काही भाग पुन्हा तिच्याच प्रवेशाकडे वळवल्यास मूळ संदेश पुनःपुन्हा वर्धित होत जातो, असे त्यांना इ.स. १९१२ मध्ये आढळले. पूर्वी कानावर ताण देऊन ऐकावे लागणारे संदेश आता खोलीभर ऐकू येऊ लागले. हे प्रतिभरण आणखी वाढवल्यास नलिका स्वतःच आंदोलने निर्माण करू लागते, म्हणजेच ती प्रक्षेपक म्हणूनही वापरता येते, हेही त्यांच्या लक्षात आले.

पेटंटसाठी लागणारा खर्च देण्यास वडिलांनी नकार दिला आणि आधी पदवी पूर्ण करण्यास सांगितले. त्यामुळे आर्मस्ट्राँग यांनी ३१ जानेवारी १९१३ रोजी मंडलाची आकृती नोटरीकडून साक्षांकित करून घेतली आणि पेटंटसाठीचा अर्ज त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केला. मधल्या काळातील हा विलंब पुढे त्यांना महागात पडला. पेटंट ६ ऑक्टोबर १९१४ रोजी मंजूर झाले.

जानेवारी १९१४ च्या अखेरीस न्यू जर्सीतील बेलमार येथील मार्कोनी कंपनीच्या केंद्रावर या ग्राहकाची चाचणी झाली. कडाक्याच्या थंडीत रात्रभर चाललेल्या या चाचणीस कंपनीच्या वतीने डेव्हिड सारनॉफ हे तरुण अधिकारी उपस्थित होते. येथून दोघांची मैत्री जुळली. पुढे सारनॉफ हे रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका (आरसीए) या बलाढ्य कंपनीचे प्रमुख झाले.

पहिले महायुद्ध व सुपरहेटरोडाइन

अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर आर्मस्ट्राँग लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये दाखल झाले व त्यांची नेमणूक पॅरिस येथे झाली. युद्धाअखेर त्यांना मेजर हे पद मिळाले आणि पुढे आयुष्यभर ते याच उपाधीने ओळखले गेले. पॅरिसवरील हवाई हल्ले पाहताना, शत्रूच्या विमानांच्या इंजिनांतून निघणाऱ्या अतिउच्च वारंवारतेच्या विद्युत लहरी पकडता येतील काय, असा विचार त्यांच्या मनात आला. अशा लहरींचे वर्धन करण्याची क्षमता तत्कालीन नलिकांत नव्हती. त्यांनी इ.स. १९१८ मध्ये त्यावर मार्ग काढला. आलेली लहर ग्राहकातच निर्माण केलेल्या दुसऱ्या लहरीत मिसळावयाची, त्यातून एक ठरावीक मधली वारंवारता मिळवावयाची आणि सर्व वर्धन त्या एकाच वारंवारतेवर करावयाचे, असे हे तत्त्व आहे. यालाच सुपरहेटरोडाइन पद्धत म्हणतात. पुढील अनेक दशके जगातील बहुतेक रेडिओ व दूरचित्रवाणी संच याच तत्त्वावर तयार होत राहिले. याच सुमारास फ्रान्समधील ल्युसियाँ लेव्ही यांनीही यासारख्या कल्पनेवर काम केले होते आणि तिच्या अग्रहक्काविषयीही वाद झाला.

फ्रान्स सरकारने इ.स. १९१९ मध्ये आर्मस्ट्राँग यांना लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला.

विवाह व आर्थिक भरभराट

आर्मस्ट्राँग यांनी पुनर्जनन व सुपरहेटरोडाइन यांची पेटंटे इ.स. १९२० मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीला विकली. इ.स. १९२२ मध्ये त्यांच्या अतिपुनर्जनन मंडलाचे हक्क आरसीएने रोख रक्कम व समभाग देऊन घेतले. त्यामुळे ते त्या कंपनीचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक ठरले. कोलंबिया विद्यापीठात ते संशोधन करीत राहिले. इ.स. १९३४ मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले, परंतु वेतन म्हणून केवळ नाममात्र एक डॉलर घेत.

सारनॉफ यांच्या सचिव मॅरियन मॅकिनिस यांच्याशी १ डिसेंबर १९२३ रोजी त्यांचा विवाह झाला. विवाहाची भेट म्हणून त्यांनी पत्नीसाठी सुपरहेटरोडाइन तत्त्वावरील हातात नेता येईल असा रेडिओ तयार केला होता. त्याच वर्षी आरसीएच्या न्यू यॉर्क येथील इमारतीवरील उंच मनोऱ्याच्या टोकावर चढून त्यांनी छायाचित्रे काढून घेतली होती. या धाडसामुळे सारनॉफ त्यांच्यावर रागावले होते.

डी फॉरेस्ट यांच्याशी वाद

पुनर्जनन मंडलाचा शोध आपण ऑगस्ट १९१२ मध्येच लावला होता, असा दावा ली डी फॉरेस्ट यांनी केला. त्यावरून सुरू झालेला खटला सुमारे वीस वर्षे चालला. प्रारंभीचे निकाल आर्मस्ट्राँग यांच्या बाजूने लागले. त्या वेळी प्रतिपक्षाकडून मिळणाऱ्या खर्चाच्या रकमेवर पाणी सोडून प्रकरण मिटवावे, असा सल्ला त्यांना देण्यात आला होता. त्यांनी तो मानला नाही आणि वाद पुढे चालू राहिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९२८ व पुन्हा इ.स. १९३४ मध्ये डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निर्णय दिला. दुसरे निकालपत्र न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिले होते. त्यातील तांत्रिक विवेचन सदोष असल्याचे मत अनेक अभियंत्यांनी व्यक्त केले.

या शोधासाठी इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्स या संस्थेने आर्मस्ट्राँग यांना आपले पहिले सन्मानपदक दिले होते. निकालानंतर इ.स. १९३४ मध्ये संस्थेच्या फिलाडेल्फिया येथील अधिवेशनात ते पदक परत करण्यासाठी गेले. संस्थेने पदक परत घेण्यास नकार दिला व मूळ सन्मान कायम असल्याचे जाहीर केले. उपस्थित अभियंत्यांनी उभे राहून त्यांना मानवंदना दिली.

खरखरीचा प्रश्न

रेडिओ प्रक्षेपणाच्या आरंभकाळात ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन (एएम) ही पद्धत रूढ होती. तीत आवाजाच्या चढउतारानुसार रेडिओलहरीची तीव्रता कमीजास्त केली जाते. आकाशात चमकणारी वीज, मोटारींची प्रज्वलन यंत्रणा, विजेवर चालणारी यंत्रे यांतून निर्माण होणारा विद्युत गोंगाटही लहरीच्या तीव्रतेतच भर घालतो. त्यामुळे संगीतातील चढउतार कोणता आणि विजेच्या कडकडाटाने घडवलेला कोणता, हे ग्राहक संचाला ओळखता येत नाही. गाळणी लावून खरखर काढू गेल्यास तिच्याबरोबर संगीतही कापले जाते. प्रक्षेपकाची शक्ती वाढवणे एवढाच उपाय उरतो आणि तोही अपुरा असतो.

आर्मस्ट्राँग यांनी प्युपिन यांच्यासमवेत इ.स. १९१४ च्या सुमारास या प्रश्नावर काम सुरू केले. अनेक वर्षे केलेले प्रयोग निष्फळ ठरले. लहरीच्या तीव्रतेऐवजी तिची वारंवारता बदलावी, म्हणजे फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन वापरावे, ही कल्पना नवी नव्हती. तथापि, एटी अँड टी कंपनीतील गणितज्ञ अभियंता जॉन कार्सन यांनी इ.स. १९२२ मध्ये गणिताच्या आधारे या पद्धतीचा लाभ नसल्याचे दाखवले होते. त्या काळी वारंवारतेतील बदल शक्य तितका लहान ठेवून प्रक्षेपण अरुंद पट्ट्यात बसवणे हाच हेतू मानला जाई. पट्टा जितका रुंद, तितकी त्यात शिरणारी खरखर अधिक, अशी सर्वमान्य समजूत होती.

रुंद पट्ट्याचे एफएम

आर्मस्ट्राँग यांनी ही समजूत उलटी करून पाहिली. वारंवारतेतील बदल लहान न ठेवता आवाजाच्या वारंवारतेच्या कितीतरी पट मोठा ठेवल्यास खरखर वाढत नाही, उलट झपाट्याने कमी होते, असे त्यांना आढळले. त्यांच्या ग्राहकात दोन महत्त्वाचे भाग होते. पहिला भाग मर्यादक. तो आलेल्या लहरीची तीव्रता एका ठरावीक पातळीवर छाटून टाकतो. संगीत तीव्रतेत साठवलेलेच नसल्यामुळे या छाटणीत ते गमावले जात नाही, परंतु तीव्रतेतून आलेला गोंगाट जातो. दुसरा भाग वारंवारतेतील बदलाचे पुन्हा आवाजात रूपांतर करतो. गोंगाटामुळे वारंवारतेतही थोडा फरक पडतो, पण संदेशाने केलेला बदल फार मोठा असल्यामुळे तो नगण्य ठरतो. मात्र यासाठी आलेला संदेश गोंगाटापेक्षा पुरेसा प्रबळ असावा लागतो. त्या मर्यादेखाली गेल्यास ध्वनीचा दर्जा एकदम ढासळतो. रुंद पट्ट्यामुळे सुमारे १५,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर पाठवणेही शक्य झाले. तत्कालीन एएम संचांतून इतके उच्च स्वर सहसा ऐकू येत नसत.

या पद्धतीची पेटंटे २६ डिसेंबर १९३३ रोजी मंजूर झाली. त्याच सुमारास आर्मस्ट्राँग यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या फिलॉसॉफी हॉलमधील आपल्या प्रयोगशाळेत सारनॉफ यांना तिचे प्रात्यक्षिक दाखवले. सारनॉफ यांना एएम संचांतील खरखर घालवणाऱ्या एखाद्या जोडउपकरणाची अपेक्षा होती. त्यांच्यासमोर आली ती मात्र नवे प्रक्षेपक व नवे ग्राहक संच आवश्यक असणारी संपूर्ण निराळी प्रणाली.

आरसीएने चाचणीसाठी एम्पायर स्टेट बिल्डिंगवरील आपली जागा उपलब्ध करून दिली. जून १९३४ मध्ये तेथून प्रक्षेपित केलेले कार्यक्रम लाँग आयलंडवरील वेस्टहॅम्प्टन येथे, सुमारे ७० मैलांवर, स्पष्ट ऐकू आले. गडगडाटी वादळातही हा फरक कायम राहिला. तथापि, एप्रिल १९३५ मध्ये कंपनीने दूरचित्रवाणीच्या प्रयोगांसाठी जागा हवी असल्याचे सांगून त्यांना आपली उपकरणे हलवण्याची सूचना केली. आरसीएची मोठी गुंतवणूक एएम केंद्रांत होती आणि भविष्यातील लाभ ती दूरचित्रवाणीत पाहत होती. या दोहोंमुळे कंपनीने एफएमकडे पाठ फिरवली, असे आर्मस्ट्राँग यांच्या चरित्रकारांचे मत आहे.

५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यू यॉर्क येथे इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सच्या सभेत आर्मस्ट्राँग यांनी जाहीर प्रात्यक्षिक दिले. याँकर्स येथील त्यांचे मित्र सी. आर. रनियन यांच्या घरून प्रक्षेपण होत होते. पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगाळल्याचा आवाज सभागृहात जसाच्या तसा ऐकू आला. दोन आवाजांच्या मधल्या वेळेत संच पूर्णपणे निःशब्द राहत असल्याचेही श्रोत्यांनी अनुभवले. या विषयावरील त्यांचा शोधनिबंध मे १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला.

अल्पाइन येथील केंद्र

मोठ्या कंपन्यांचा पाठिंबा न मिळाल्याने आर्मस्ट्राँग यांनी स्वखर्चाने केंद्र उभारले. न्यू जर्सीतील अल्पाइन येथे हडसन नदीच्या कड्यावर ४०० फुटांहून अधिक उंचीचा, तीन आडव्या भुजांचा मनोरा बांधण्यात आला. तेथून डब्ल्यू२एक्सएमएन या केंद्राचे प्रक्षेपण होऊ लागले. न्यू इंग्लंडमधील यांकी नेटवर्क या प्रक्षेपण कंपनीनेही इ.स. १९३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील पॅक्स्टन येथून एफएम प्रक्षेपण सुरू केले. इ.स. १९४० मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने एफएमसाठी ४२ ते ५० मेगाहर्ट्झ हा पट्टा नेमून दिला आणि १ जानेवारी १९४१ पासून व्यापारी प्रक्षेपणास परवानगी मिळाली. दूरचित्रवाणीच्या ध्वनीसाठीही एफएम पद्धत निश्चित करण्यात आली.

अनेक उत्पादकांनी आर्मस्ट्राँग यांच्याशी स्वामित्वधनाचे करार केले. आरसीएने मात्र एकरकमी १० लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या विक्रीच्या प्रमाणात स्वामित्वधन देत असताना एका कंपनीस वेगळी वागणूक देणे अन्यायाचे होईल, अशी भूमिका घेऊन त्यांनी हा प्रस्ताव नाकारला.

दुसरे महायुद्ध व पट्ट्याचे स्थलांतर

दुसऱ्या महायुद्धात आर्मस्ट्राँग यांनी आपली पेटंटे लष्करास विनामोबदला वापरू दिली. रणगाड्यांतील संदेशवहनात एफएम संच विशेष उपयुक्त ठरले, कारण इंजिनाच्या विद्युत गोंगाटात एएम संच निकामी ठरत. १० जानेवारी १९४६ रोजी अमेरिकी लष्कराने डायना प्रकल्पात चंद्रावरून रडारच्या लहरींचा प्रतिध्वनी मिळवला. त्यातही आर्मस्ट्राँग यांनी तयार केलेल्या उपकरणांचा वापर झाला होता.

जून १९४५ मध्ये आयोगाने एफएमचा पट्टा ८८ मेगाहर्ट्झच्या वर हलवण्याचा निर्णय घेतला. सूर्यडागांच्या वाढीच्या काळात आयनांबरामुळे जुन्या पट्ट्यात दूरच्या केंद्रांचा व्यत्यय येईल, असे कारण देण्यात आले. आर्मस्ट्राँग यांनी या अनुमानास तीव्र विरोध केला, परंतु निर्णय बदलला नाही. त्यामुळे युद्धपूर्व काळात विकले गेलेले लक्षावधी एफएम संच व सर्व प्रक्षेपक निरुपयोगी झाले. प्रक्षेपणशक्तीवरही मर्यादा आल्या आणि एफएमचा प्रसार अनेक वर्षांनी मागे पडला.

आरसीएविरुद्धचा दावा

युद्धानंतर आरसीएने स्वामित्वधन न देता एफएम मंडले असलेले संच विकण्यास सुरुवात केली व आपली पद्धत स्वतंत्र असल्याचा दावा केला. २२ जुलै १९४८ रोजी आर्मस्ट्राँग यांनी आरसीए व तिची उपकंपनी एनबीसी यांच्याविरुद्ध पेटंटभंगाचा दावा दाखल केला. पूर्वतपासणीतील साक्षीच वर्षानुवर्षे लांबल्या. इ.स. १९५० च्या अखेरीस मूळ पेटंटांची मुदत संपली आणि स्वामित्वधनाचा ओघ आटला. वकिलांची देणी व संशोधनाचा खर्च यांमुळे त्यांची संपत्ती संपत आली. प्रयोगशाळेऐवजी त्यांचा बहुतेक वेळ कागदपत्रे तयार करण्यात जाऊ लागला.

मृत्यू

नोव्हेंबर १९५३ मध्ये आर्थिक प्रश्नावरून झालेल्या वादाच्या भरात आर्मस्ट्राँग यांनी पत्नीच्या हातावर शेकोटीच्या लोखंडी सळईने प्रहार केला. त्यानंतर मॅरियन आपल्या बहिणीकडे कनेक्टिकट येथे राहावयास गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री आर्मस्ट्राँग यांनी न्यू यॉर्क येथील राहत्या घरी आत्महत्या केली. मृत्यूपूर्वी त्यांनी पत्नीस पत्र लिहून आपल्या वर्तनाबद्दल खेद व्यक्त केला होता. मॅसॅच्युसेट्समधील मेरिमॅक येथे त्यांचे दफन करण्यात आले. अल्पाइन येथील त्यांचे केंद्र मार्च १९५४ मध्ये बंद झाले.

मृत्यूनंतर

खटल्यांचे काम मॅरियन आर्मस्ट्राँग यांनी पुढे चालवले. डिसेंबर १९५४ मध्ये आरसीएशी तडजोड होऊन १० लाख डॉलरहून थोडी अधिक रक्कम मिळाली. ही रक्कम कंपनीने इ.स. १९४० मध्ये देऊ केलेल्या रकमेच्या जवळपास होती. इतर उत्पादकांविरुद्धचे दावे त्यांनी एकेक करून जिंकले किंवा मिटवले. मोटोरोला कंपनीविरुद्धचा शेवटचा दावा इ.स. १९६७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाली निघाला. अशा रीतीने एफएमच्या शोधावरील आर्मस्ट्राँग यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी पूर्णपणे प्रस्थापित झाला. मॅरियन यांचे इ.स. १९७९ मध्ये निधन झाले.

अमेरिकेत इ.स. १९६१ मध्ये एफएमवरील स्टिरिओ प्रक्षेपणास मान्यता मिळाली आणि संगीतप्रेमी श्रोते या पट्ट्याकडे वळले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील एफएम केंद्रांची श्रोतृसंख्या एएमपेक्षा अधिक झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील अँटेना नष्ट झाल्यावर न्यू यॉर्कमधील काही दूरचित्रवाणी केंद्रांनी अल्पाइनच्या मनोऱ्यावरून तात्पुरते प्रक्षेपण केले.

भारतातील एफएम

भारतात आकाशवाणीने एफएम प्रक्षेपणास २३ जुलै १९७७ रोजी मद्रास (आताचे चेन्नई) येथून प्रारंभ केला. १९९० च्या दशकात मुंबईसह काही शहरांत आकाशवाणीच्या एफएम वाहिनीवरील वेळ खासगी निर्मात्यांना देण्यात येऊ लागला. त्यानंतरच्या दशकात महाराष्ट्रातील अनेक शहरांत खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या. पावसाळ्यात वीज चमकताच मध्यम लहरींवरील कार्यक्रमांत उमटणारा कडकडाट एफएमवर जवळजवळ ऐकू येत नाही. त्यामागे आर्मस्ट्राँग यांनी सिद्ध केलेले तत्त्वच आहे.

सन्मान

लीजन ऑफ ऑनर (फ्रान्स), इ.स. १९१९
फ्रँकलिन पदक, इ.स. १९४१
एडिसन पदक, इ.स. १९४२
मेडल फॉर मेरिट (अमेरिका), इ.स. १९४७
नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये समावेश, इ.स. १९८०
अमेरिकेच्या टपाल खात्याकडून अमेरिकन संशोधकांच्या मालिकेत टपाल तिकीट, इ.स. १९८३
कोलंबिया विद्यापीठातील फिलॉसॉफी हॉल या इमारतीस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा, इ.स. २००३